समुद्रमार्गे माल पाठवताना : खान्देशातील नवख्या निर्यातदारांसाठी मार्गदर्शन

जळगावहून न्हावा शेवा बंदर साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे समुद्रातली वाहतूक ही जहाजाच्या कप्तानाची जबाबदारी आहे आणि आपले काम ट्रेलर रवाना झाला की संपते, असा समज रावेर-सावद्यापासून शिरपूर-नंदुरबारपर्यंतच्या अनेक नव्या निर्यातदारांमध्ये आढळतो. हा समज चुकीचा आहे. आपल्या गोदामात कंटेनरचे दार बंद होऊन सील लागले की ते परक्या देशातल्या खरेदीदाराच्या आवारातच उघडते. मधल्या प्रवासात, सीमाशुल्क तपासणीचा अपवाद सोडल्यास, माल कोणी पाहत नाही. आत काय आहे, किती वजनाचे आहे आणि ते कसे बांधले आहे, याबद्दल आपण कागदावर जे लिहून दिले तेवढेच जहाजावरच्या लोकांना ठाऊक असते. म्हणूनच समुद्री वाहतुकीच्या नियमांतला फार मोठा भाग जहाजमालकावर नसून माल भरणाऱ्यावर, म्हणजे शिपरवर, आहे. हा लेख त्या भागापुरता आहे.

आधीची कागदपत्रे

याविषयी थोडक्यात लिहितो, कारण चांगला सीएचए, म्हणजे सीमाशुल्काची कामे करणारा दलाल, हे काम रोजच करत असतो. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक, जीएसटीखालील एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र), बँकेच्या एडी कोडची (परकीय चलन व्यवहारासाठीच्या बँकेच्या क्रमांकाची) बंदरावरील नोंदणी आणि मालानुसार त्या त्या मंडळाची सदस्यता, एवढे हाती असल्याशिवाय ऑर्डर स्वीकारू नये. केळी आणि ताज्या फळांसाठी अपेडाची (शेतमाल निर्यात विकास प्राधिकरणाची), तर मिरचीसाठी स्पाइसेस बोर्डाची नोंदणी लागते. शेतमालाला बहुतेक देश फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल किडी-रोगांपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला, मागतात. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सीमाशुल्काला द्यायचे शिपिंग बिल या तिन्हींवरचे मालाचे वर्णन, नगांची संख्या आणि वजन अक्षरशः सारखे असावे. एका कागदावर १,५४० आणि दुसऱ्यावर १,५०४ असे पडले, तर ती टायपिंगची चूक आहे हे सिद्ध करण्यात दोन दिवस जातात, आणि केळीच्या बाबतीत ते दोन दिवस कोणीही परत देत नाही.

माल ‘धोकादायक’ आहे का, हे आधी ठरवा

हा टप्पा नवखे लोक हमखास वगळतात. स्फोटके, ॲसिड, गॅस सिलिंडर यांनाच धोकादायक माल म्हणतात, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात समुद्री वाहतुकीसाठीच्या आयएमडीजी कोडमध्ये धोकादायक मालाचे ९ वर्ग असून त्यात आपल्या खान्देशातल्या अगदी रोजच्या वस्तू येतात. हा कोड २००४ पासून बंधनकारक आहे.

पहिले उदाहरण कापसाचे. ओला कापूस संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतील यूएन १३६५ या क्रमांकाखाली वर्ग ४.२ मध्ये, म्हणजे आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांत, मोडतो. तेलकट कापूस-कचऱ्याला यूएन १३६४ हा क्रमांक आहे आणि त्याचाही वर्ग तोच आहे. कोरडा कापूस यूएन ३३६० खाली ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून नोंदलेला असला, तरी त्याला एक महत्त्वाची सवलत आहे. गाठीची घनता घनमीटरला ३६० किलो किंवा त्याहून अधिक असेल आणि माल बंद कंटेनरमध्ये जात असेल, तर कोडच्या अटी लागू होत नाहीत. आपल्याकडची गाठ साधारण १७० किलोची असते. भागाकार केला तर अशा गाठीचे आकारमान ०.४७२ घनमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. प्रेसमधून निघालेल्या गाठीला टेप लावून लांबी, रुंदी आणि उंची मोजणे व गुणाकार करणे, याला पाच मिनिटे लागतात. मात्र गाठ प्रेसमध्ये मोजून भागत नाही. पट्टी सैल असेल तर गाठ गोदामात फुगते, म्हणून भरायच्या दिवशी मोजावी. ही सवलत कोरड्या कापसाला आहे, हेही विसरू नये. जिनिंगच्या आवारात अवकाळी पावसात भिजलेल्या आणि वरून वाळलेल्या गाठी आत ओल्याच असतात.

कापसाबद्दल इतकी सावधगिरी का, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कराचीहून आलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळाही होता. दुपारी धूर दिसला, कापसाची आग पाण्याने विझेना, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापसाच्या गाठीतली धग बाहेर न दिसता आतल्या आत बराच काळ राहू शकते, हे जिनिंगवाल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. तीच धग भर समुद्रात, पाच थर खालच्या कंटेनरमध्ये लागली तर तिथपर्यंत पोहोचायचे कसे, एवढाच विचार करावा.

दुसरे उदाहरण ढेपेचे. सरकीची असो वा अन्य तेलबियांची, ढेप ही शिल्लक तेल आणि ओलावा यांनुसार यूएन १३८६ किंवा यूएन २२१७ खाली वर्ग ४.२ मध्ये जाऊ शकते. तेल १.५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे की कमी आणि ओलावा ११ टक्क्यांच्या आत आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय बुकिंग करू नये. घाण्यातून निघालेली गरम ढेप त्याच संध्याकाळी कंटेनरमध्ये भरणे हा तर सरळसरळ आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

तिसरे नाव केळीपट्ट्यात सर्वांच्या परिचयाचे आहे : कार्बाइड. फळे पिकवण्यासाठी ते वापरायला कायद्याने बंदी आहे. परंतु वाहतुकीच्या दृष्टीनेही कॅल्शियम कार्बाइड हा वर्ग ४.३ चा पदार्थ आहे, म्हणजे पाणी लागताच त्यातून ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निघतो. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडाले. त्यांपैकी १३ कंटेनरमध्ये धोकादायक माल होता आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड होते. तटरक्षक दलाला आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला कोणत्या पदार्थाशी गाठ आहे हे लगेच कळले, कारण तो कागदावर जाहीर केलेला होता.

जाहीर केलेला धोकादायक माल जहाजावर योग्य जागी, उष्णतेपासून आणि विजोड मालापासून दूर ठेवला जातो. न जाहीर केलेला माल मात्र कोणाच्याही शेजारी जाऊन बसतो. भाडे वाचावे म्हणून ‘घरगुती वस्तू’ किंवा ‘पावडर’ असे मोघम वर्णन लिहिण्याचा सल्ला देणारे महाभाग बाजारात भेटतात. त्यांचे ऐकू नये. माल धोकादायक ठरत असेल, तर प्रमाणित पॅकिंग, धोकादायक मालाचे घोषणापत्र, कंटेनर नियमाप्रमाणे भरल्याचे प्रमाणपत्र आणि कंटेनरच्या चारही बाजूंना २५ सेंटिमीटर बाजूचे वर्गचिन्ह, एवढे करून रीतसर पाठवता येतो. तो पाठवणे निषिद्ध नाही, लपवणे निषिद्ध आहे.

कंटेनर तपासणे

ट्रेलर आवारात शिरला की हमालांना लगेच कामाला लावू नये. आधी दाराच्या बाहेरील बाजूस असलेली सीएससी पाटी पाहावी. १९७२ च्या सुरक्षित कंटेनरविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार ती लावलेली असते आणि तिच्यावर कंटेनरचे कमाल एकूण वजन कोरलेले असते. वीस फुटी कंटेनरला हे बहुधा ३०,४८० किलो असते, पण जुन्या कंटेनरची मर्यादा कमी असू शकते. कंटेनर नंबर बुकिंगशी जुळवून पाहावा. चारही कोपऱ्यांच्या लोखंडी खांबांना मोठे पोचे असतील तर तो कंटेनर परत पाठवावा, कारण जहाजावर त्याच्या डोक्यावर भरलेले आणखी कंटेनर बसणार असतात आणि तो सगळा भार हे चार खांबच पेलतात.

त्यानंतर उजेडाची परीक्षा. एका माणसाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून दोन्ही दारे पूर्ण लावावीत आणि कडी न घालता तिथेच थांबावे. आतल्या माणसाने डोळे अंधाराला सरावेपर्यंत, साधारण मिनिटभर, गप्प उभे राहावे आणि मग छत, कोपरे, दाराचे रबर व फळ्यांच्या फटी पाहाव्यात. सुईएवढे भोक असले तरी उन्हाची तिरीप ताऱ्यासारखी चमकते. एकदा असाच मी आत उभा असताना छताला काही दिसले नाही, पण तळाच्या फळीवर रुपयाएवढा उजेडाचा गोल पडलेला दिसला. मान वर केली तेव्हा पन्हाळी पत्र्याच्या घडीत दडलेले भोक सापडले. तेव्हापासून वर पाहण्याआधी खाली पाहायची सवय लागली आहे. मे महिन्यात भर दुपारी हा पत्र्याचा डबा भट्टी होतो, म्हणून दोन मिनिटांपेक्षा जास्त आत राहू नये, आणि आत औषधाचा किंवा लसणासारखा उग्र वास आला तर मुळीच शिरू नये. तो आधीच्या मालातली कीड मारण्यासाठी केलेल्या धुरीकरणातला फॉस्फिन वायू असू शकतो आणि तो जीव घेतो. शेवटी तळाच्या लाकडावर हात फिरवावा. ओलसर, तेलकट किंवा दर्प येणाऱ्या तळावर मिरची भरली, तर पोहोचल्यावर तिला तोच दर्प येणार, हे गृहीत धरावे.

भरणे आणि बांधणे

माल ट्रेलरमध्ये बसला म्हणजे तो जहाजावरही बसलेला राहील, असे नाही. आपल्याकडून निघालेली गाडी पारोळा, धुळे, मालेगाव करत राहूड घाट आणि पुढे कसारा घाट उतरते. या रस्त्यावरच्या ब्रेकसाठी कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका पुढे ढकलणारा जोर गृहीत धरला आहे. जहाजावर मात्र मुख्य धोका आडवा असतो. खवळलेल्या समुद्रात जहाज डाव्या-उजव्या बाजूंना कलते, आणि सर्वांत वाईट सागरी क्षेत्रासाठी तोच ८० टक्क्यांचा जोर आडव्या दिशेने धरावा लागतो. म्हणजे २० टन मालाला १६ टनांचा धक्का बाजूच्या पत्र्याकडे बसणार, असे समजून बांधणी करायची, आणि तोही एकदा नव्हे तर दिवस-रात्र, दर काही सेकंदांनी. ही संहिता २०१४ ची असून ती सीटीयू कोड या नावाने ओळखली जाते.

यावरून दोन नियम निघतात. मालात मोकळी जागा ठेवू नये, आणि ठेवावी लागलीच तर ती हवेच्या पिशव्यांनी, लाकडी आडव्यांनी किंवा पट्ट्यांनी भरून काढावी. तसेच वजन लांबीभर समान पसरावे : कंटेनरच्या कोणत्याही अर्ध्या भागात एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक भार येऊ देऊ नये. जड नग खाली आणि हलके वर, हे सांगायला नको. दाराजवळचा शेवटचा थर वेगळा, जाळीने किंवा पट्ट्याने, रोखून धरावा. पलीकडे दार उघडणाऱ्या मजुराच्या अंगावर गोण्या कोसळून होणारे अपघात या एका गोष्टीने टळतात. आपला मुकादम कितीही जुना असला, तरी त्याचा अनुभव ट्रकचा असतो. ट्रक कलत नाही, म्हणून त्याला आडव्या जोराची कल्पना नसते. त्याला हे शांतपणे, शक्यतो भरण्याच्या आदल्या दिवशी, समजावून सांगावे.

लाकडी पॅलेट, खोकी आणि आडव्या यांवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवा. त्यात गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचा प्रकार असतो. उष्णता-प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे ठेवतात. शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरावर सगळा माल अडतो, आतला माल कितीही निर्दोष असो.

याच शिक्क्याच्या भरवशावर मी सुरुवातीला एक कंटेनर सुक्या मिरचीचा बिघडवला आहे. मिरची नंदुरबारची, ओलावा ११ टक्क्यांच्या आत, अहवाल स्वच्छ. पॅलेटवर शिक्काही होता. पण पॅलेट ज्या कारखान्यात बनली, तिथे ती रात्रभर उघड्यावर पावसात पडली होती. लाकडाने पाणी प्यायले, कंटेनरमध्ये ते दिवसा वाफ होऊन वर गेले आणि रात्री थंड छताला लागून थेंबाथेंबाने वरच्या पोत्यांवर पडले. पोहोचलेल्या मालाच्या छायाचित्रांत खालची सर्व पोती लालभडक होती आणि वरच्या थराला पांढरी बुरशी. उष्णतेचा शिक्का लाकडात कीड नाही एवढेच सांगतो, ते कोरडे आहे हे सांगत नाही. तेव्हापासून प्रत्येक पॅलेटला ओलावामापकाच्या सुया टोचल्याशिवाय ती आत घेत नाही, मिरचीच्या वर क्राफ्ट कागद अंथरतो आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या भिंतींना टांगतो. मिरचीत बुरशी म्हणजे पुढे अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा, प्रश्न. युरोपात सुक्या मिरचीसाठी अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० आहे. तिथे बुरशी लागलेल्या मालाला सवलतीचा भावसुद्धा मिळत नाही.

मालाचे धुरीकरण कंटेनरमध्येच केले असेल, तर दारावर धोक्याची सूचना आणि धुरीकरणाची तारीख लावणे बंधनकारक आहे. असा कंटेनर यूएन ३३५९ खाली जाहीर करावा लागतो. ती सूचना सीमाशुल्क अधिकारी आणि पलीकडचा मजूर यांच्या जिवासाठी असते.

केळी : रीफर कंटेनर

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आखाती देशांकडे जाणाऱ्या कंटेनरांकडे अनेक तरुण शेतकरी-निर्यातदार वळले. त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे : रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेला, कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करत नाही. बागेतून आलेल्या केळीच्या गरात मे महिन्यात पस्तीस अंशांच्या पुढे उष्णता असते. ती उतरवण्याचे काम पॅकहाउसमधल्या प्रीकूलिंग खोलीचे आहे. भरण्याआधी वेगवेगळ्या खोक्यांतील केळीत थर्मामीटरची सुई खुपसून गराचे तापमान पाहावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. खोक्याच्या बाहेरचे किंवा खोलीच्या पडद्यावरचे तापमान ग्राह्य धरू नये.

केळीसाठी मशीनवर साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअस लावतात. याच्या खाली केळी गारठते, साल करडी पडते आणि मग पिवळा रंग येतच नाही. वर गेली तर वाटेतच पिकू लागते, आणि एका खोक्यातून सुटणारे इथिलीन शेजारच्या खोक्यांना पिकवते. बुकिंगच्या कागदावर तापमानाचे चिन्ह आणि एकक स्वतः डोळ्यांनी तपासावे, कारण फॅरनहाइट-सेल्सिअसची गल्लत आणि उणे चिन्हाची भर या दोन चुकांनी कंटेनरच्या कंटेनर वाया गेले आहेत. ताज्या हवेच्या झडपेचे प्रमाणही तासाला किती घनमीटर हे लिहून द्यावे.

भरताना मशीन बंद ठेवावे. पॅकहाउसला थंड डॉक नसेल, तर रिकामा कंटेनर आधीच थंड करून ठेवणे उलट नुकसानकारक ठरते, कारण दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरून थंड भिंतींवर पाणी होते आणि तेच पुढे खोक्यांना भिजवते. थंड हवा तळातल्या खाचांमधून दारापर्यंत जाते आणि खोक्यांमधून वर चढते. म्हणून तळ संपूर्ण झाकला गेला पाहिजे. दाराशी हातभर तळ उघडा राहिला, तर सगळी हवा तिथून वर निघून जाते आणि मागचे खोके तसेच तापत राहतात. तिथे जाड पुठ्ठा अंथरावा. वर लाल रेषा आखलेली असते, तिच्यावर एकही खोके चढवू नये. तेरा किलोची खोकी चाळीस फुटी उंच रीफरमध्ये साधारण दीड हजार बसतात. आणखी वीस खोकी कोंबण्याच्या मोहात हवेची वाट बुजवू नये. रस्त्यात जनरेटर चालू आहे ना, हे चालकाला धुळ्यात आणि नाशकात असे किमान दोनदा फोन करून विचारावे. तो कंटाळेल, पण चहाला थांबताना जनरेटर बंद करणार नाही. खोक्यांमध्ये एक तापमान नोंदवणारा लॉगर ठेवावा. वाद झाला तर तोच आपल्या बाजूचा साक्षीदार असतो.

वजन : व्हीजीएम

१ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. जहाजाचा समतोल आणि कंटेनरच्या थप्प्यांची मजबुती या आकड्यांवर बेतलेली असते, आणि ही जबाबदारी शिपरची आहे. ट्रान्सपोर्टवाला किंवा सीएचए तिचा भार घेत नाही.

पद्धती दोन आहेत. पहिलीत भरलेला कंटेनर वजनकाट्यावर तोलतात आणि ट्रेलरचे वजन वजा करतात. काट्यावर वैधमापन विभागाची चालू मुदतीची मुद्रा हवी. रिकाम्या ट्रेलरचे वजन केल्यावर चालकाने वाटेत डिझेल भरले, तर फरक पडतो. २०० लिटर डिझेलचे वजनच सुमारे १७० किलो होते. एका ट्रेलरवर दोन वीस फुटी कंटेनर असतील, तर एकत्र तोलून निम्मे-निम्मे लिहिणे चालत नाही.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक नगाचे वजन, पॅकिंग, पॅलेट, आडव्या, शोषक पिशव्या आणि शेवटी दारावर लिहिलेले रिकाम्या कंटेनरचे वजन यांची बेरीज करतात. समजा, मक्याच्या ५० किलोच्या ४८० गोण्या आहेत. मका २४,००० किलो, रिकाम्या गोण्या प्रत्येकी १२० ग्रॅमप्रमाणे ५७.६ किलो, शोषक पिशव्या व कागद २५ किलो, कंटेनर २,२४० किलो. एकूण २६,३२२.६ किलो. पॅलेट वापरल्या असतील तर त्यांचे काहीशे किलो इथे सुटतात आणि बंदरावरच्या काट्यावर सापडतात. कंटेनरच्या पाटीवरची मर्यादा आणि ट्रेलरला रस्त्यावर परवानगी असलेले वजन या दोन निराळ्या मर्यादा आहेत, आणि जी कमी ती आपली.

सील आणि बंदर

दार लावण्याआधी चार छायाचित्रे काढावीत : रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला आणि सीलसह बंद दार. प्रत्येकात कंटेनर नंबर दिसेल अशी पाटी खडूने लिहून ठेवावी. सील आयएसओ १७७१२ दर्जाचे बोल्ट सील असावे. कारखान्यातच सील करण्याची परवानगी घेतली असेल, तर सीमाशुल्क विभागाला आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणारे) सील लागते. सीलचा नंबर फोनवर सांगून लिहून घेऊ नये, छायाचित्रावरून उतरवावा.

जहाज अमुक तारखेला सुटते, हे आपल्या दृष्टीने अपुरे उत्तर आहे. बंदराचे दार आपल्या कंटेनरसाठी कधी बंद होते, व्हीजीएम कधीपर्यंत द्यायचे, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा, मजकूर कधीपर्यंत पाठवायचा, या तिन्ही वेळा वेगळ्या असतात आणि तिन्ही सुटण्याच्या आधीच्या असतात. न्हावा शेव्यात फॉर्म १३ या प्रवेशपत्राशिवाय गाडी आत घेत नाहीत. पावसाळ्यात कसारा घाटातली कोंडी आणि बंदराबाहेरची रांग धरून एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

बिल ऑफ लेडिंग, विमा आणि दावा

या विषयावरचा आपला १९२५ चा कायदा मोडीत काढून संसदेने २०२५ मध्ये समुद्रमार्गे मालवाहतुकीचा नवा कायदा केला. बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदाही त्याच वर्षी बदलला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मूळ चौकट मात्र तीच राहिली आहे. पॅकिंग अपुरे असेल किंवा मालाच्या अंगभूत दोषाने तो बिघडला असेल, तर जहाज कंपनी जबाबदार नसते. भिजलेल्या पॅलेटवरची माझी मिरची याच सदरात गेली.

भरपाईला कमाल मर्यादा आहे : नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, यांपैकी जास्त असेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. इथे नगांची संख्या बिलावर लिहिण्याचे महत्त्व कळते. ठिबकच्या महागड्या सुट्या भागांची ८ टनांची ८०० खोकी पाठवली आणि बिलावर ‘एक कंटेनर’ एवढेच लिहिले, तर सगळा कंटेनर एक नग ठरून किलोच्या हिशेबाने मर्यादा १६,००० एसडीआर होते. ‘८०० खोकी’ लिहिले असेल, तर प्रत्येक खोक्याला ६६६.६७ ची मर्यादा स्वतंत्रपणे लागते.

विम्याची रक्कम सामान्यतः सीआयएफ किमतीच्या, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडे मिळून होणाऱ्या किमतीच्या, ११० टक्के धरतात. सीआयएफवर विक्री करताना इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींनुसार विक्रेत्यावर फक्त ‘सी’ कलमांचा, म्हणजे सर्वांत तोकडा, विमा काढण्याचे बंधन असते. मिरची-मक्यासाठी ‘ए’ कलमे, म्हणजे सर्वांत व्यापक विमा, घ्यावीत आणि केळीसाठी शीतयंत्र बंद पडण्याचे कलम वेगळे मागून घ्यावे. मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही.

आपल्या मालाला काहीच झाले नाही, तरी विमा लागतो. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात अडकले आणि सुटल्यावर मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले. या जुन्या सागरी नियमाप्रमाणे जहाज व माल वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च त्या जहाजावर माल असलेल्या सर्वांनी किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. हमी दिल्याशिवाय कंटेनर ताब्यात मिळत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख रक्कम भरावी लागते.

माल पोहोचल्यावर बिघाड आढळला, तर खरेदीदाराने ताबा घेतानाच, आणि बिघाड वरून दिसण्यासारखा नसेल तर ३ दिवसांच्या आत, जहाज कंपनीला लेखी कळवायला हवे. सर्वेक्षकाला बोलवेपर्यंत माल हलवू नये आणि तुटलेले सील फेकू नये. दावा न्यायालयात नेण्याची मुदत ताबा मिळाल्यापासून १ वर्ष आहे. खरेदीदार दुबईत, आपण चोपड्यात आणि दोघांत फक्त व्हॉट्सॲपवरचे ‘बघू’ असे संभाषण, अशात हे वर्ष सहज निघून जाते. म्हणून हे ३ दिवस आणि १ वर्ष खरेदीदाराशी करायच्या करारातच लिहून घ्यावे, आणि गोदामात काढलेली ती चार छायाचित्रे, लॉगरची नोंद व काट्याची पावती त्याच फाइलमध्ये त्या मुदतीपर्यंत जपून ठेवावी.